घरच्या संगणकात व्हायरस शिरलाय की दुसरंच काही?

पूर्णा_जंक्शन
नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपमध्ये व्हायरस असल्याचा दाट संशय आहे. मशीन: आय३ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. विकतचा अँटिव्हायरस होता, मुदत संपलेली आहे. लक्षणं अशी:
१. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आला तेव्हापासून त्यातले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून घरच्या मशीनला लावला की पुन्हा तेच.
२. खाली उजव्या कोपऱ्यात सारखं येतं, 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, लगेच क्लिक करा'.
३. सुरू व्हायला सात-आठ मिनिटं, साधी फाइल उघडताना अडकतो, पंखा सतत घोंघावतो.
दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारून देतो. पण मुलांच्या मार्कशीट, सातबारा, पीक विम्याच्या पावत्या, फोटो, सगळं सी ड्राइव्हलाच डेस्कटॉपवर आहे. बॅकअप नाही. फॉरमॅट न करता निघेल का? आणि अँटिव्हायरस कोणता घ्यावा?

लातुरी_डाळ
दुरुस्तीवाल्यांकडं एकच औषध. माउस चालंना? फॉरमॅट. कीबोर्डवर चहा सांडला? फॉरमॅट.

मांजरा_काठ
तीन लक्षणं एकाच रोगाची धरू नका. पहिलं खरंच वर्म आहे, म्हणजे स्वतःच्या प्रती करत एका मशीनमधून दुसऱ्यात पसरणारा प्रकार. दुसरं बहुतेक व्हायरसच नाही, ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे. तिसरं हार्डवेअर असण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्यापासून सुरू करा, ते दोन मिनिटांचं काम आहे. एखाद्या साइटवर 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असं आलं आणि कुणीतरी दाबलं, की ती साइट ब्राउझर मिनिमाइज असतानाही कोपऱ्यात जाहिराती टाकत राहते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथं परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसेल. जी ओळखीची नाही तिच्यापुढचे तीन ठिपके, ब्लॉक. नंतर वरचा पर्याय 'साइटना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' असा करून टाका. एजमध्येही हीच यादी वेगळी असते, तीही बघा. एक्स्टेन्शनच्या पानावर न मागवलेलं काही बसलंय का तेही तपासा, विशेषतः 'पीडीएफ कन्व्हर्टर' आणि 'कूपन' छापाची.

अजिंठ्याचा_माउस
+१. त्या चौकटीत नीट बघा, मजकुराखाली बारीक अक्षरात साइटचं नाव असतं. खऱ्या डिफेंडरच्या (विंडोजमधलाच अँटिव्हायरस) सूचनेवर 'विंडोज सिक्युरिटी' लिहिलेलं असतं आणि त्यात फोन नंबर कधीच नसतो.

सीपीयूखाली_वीट
कधी कधी पूर्ण स्क्रीन भरून लाल पान येतं, भोंगा वाजतो आणि 'या नंबरवर फोन करा' म्हणतं. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाहीतर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर काढा आणि ब्राउझरला एंड टास्क मारा. पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोर करू का' विचारेल, त्याला नाही म्हणा. फोन केला तर ते एनीडेस्क (दुरून आपलं मशीन चालवायचं ॲप) टाकायला लावतात, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणा दाखवून घाबरवतात. त्या लाल खुणा नव्याकोऱ्या मशीनमध्येही असतात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन, तीच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

औंढ्याची_वाट
आता शॉर्टकटवाल्या वर्मबद्दल. तुमचे फोल्डर कुठंही गेलेले नाहीत. त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टम' असे दोन शिक्के मारून लपवलंय आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढं ठेवलेत. एका शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट वाचा. फोल्डरच्या वाटेऐवजी सीएमडी डॉट एक्सई, पुढं एखादी व्हीबीएस फाइल (स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांची यादी) आणि शेवटी एक्स्प्लोरर असं दिसेल. म्हणजे डबल क्लिक केलं की आधी स्क्रिप्ट चालते, मग तुमचा खरा फोल्डरही उघडतो. म्हणून माणसाला काही खटकत नाही.

पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून उपयोग होत नाही कारण मूळ स्क्रिप्ट मशीनमध्ये आहे. ती प्रत्येक नव्या ड्राइव्हची वाट बघत बसलेली असते. म्हणून आधी मशीन, मग पेन ड्राइव्ह. उलटं केलं की मेहनत वाया.

मशीन: इंटरनेट बंद करा, सगळे पेन ड्राइव्ह काढा. टास्क मॅनेजर, डिटेल्स टॅब, तिथं डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट एक्सई (अशा स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) दिसतंय का बघा. कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' कॉलम चालू केला तर कोणती फाइल चालवतंय त्याचा पूर्ण पत्ता मिळतो. बहुतेक वेळा ती ॲपडेटामधल्या रोमिंग किंवा टेम्पमध्ये असते. पत्ता लिहून घ्या, प्रोसेस बंद करा, फाइल उडवा. मग विंडोज आणि आर दाबून 'शेल कोलन स्टार्टअप' टाइप करा, तिथली प्रत काढा. टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब आणि टास्क शेड्युलर, दोन्हीकडं तेच नाव शोधा. एक जागा राहिली तरी रीस्टार्टनंतर हजर.

पेन ड्राइव्ह: कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा. अट्रिब, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस आर, स्पेस, मायनस एस, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, मग ड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, स्टार डॉट स्टार. ड्राइव्हचं अक्षर आधी 'धिस पीसी'मध्ये बघून घ्या, चुकून सी टाकू नका. खरे फोल्डर दिसायला लागले की शॉर्टकट आणि स्क्रिप्ट उडवा.

लातुरी_डाळ
म्हणजे भानामतीच म्हणा की. वस्तू घरातच, पण दिसंना, आन करणाराबी दिसंना.

तेरणाकाठ
औंढ्याची_वाट यांच्या प्रतिसादात एक भर. काही वेळा अट्रिबनंतर पेन ड्राइव्हवर एक बिननावाचा फोल्डर दिसतो. रिकामा समजून उडवू नका. वर्म सगळा माल अशा फोल्डरात हलवतं ज्याचं नाव म्हणजे फक्त एक न तुटणारी स्पेस असते. त्यावर एफ२ दाबून साधं नाव द्या आणि आत जा, सगळं तिथंच सापडेल. अँड्रोमेडा कुटुंबातली वर्म असंच करायची. त्यांचं जाळं २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून पाडलं, पण जुन्या मशीनमधून आणि जुन्या पेन ड्राइव्हमधून ती फिरतच आहेत.

दौलताबादी
हे सगळं एवढं करण्यापेक्षा क्लीन इन्स्टॉल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणं, बरं नाही का? एक स्क्रिप्ट सापडली म्हणजे दुसरं काही नाही याची खात्री कोण देणार?

औंढ्याची_वाट
@दौलताबादी, मुद्दा बरोबर, पण बॅकअप नसताना फॉरमॅट म्हणजे आधी कुऱ्हाड, मग विचार. साफ करा, माल बाहेर काढा, मग खुशाल फॉरमॅट.

सीपीयूखाली_वीट
अँटिव्हायरसबद्दल: विकतचा असेल तर हरकत नाही, पण मुदत संपलेला ठेवणं सगळ्यात वाईट. नवी व्याख्या (नव्या व्हायरसची ओळख) येत नाही आणि कधी कधी डिफेंडरलाही नीट जागं होऊ देत नाही. तो पूर्ण काढा. कंपनीच्या साइटवर रिमूव्हल टूल मिळतं, नुसतं अनइन्स्टॉल करून ड्रायव्हर मागं राहतात. मग डिफेंडर चालू झालाय का बघा.

त्यानंतर दोन गोष्टी. एक, विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, सगळ्यात खाली एक्स्क्लुजन्स. तिथं आख्खा सी ड्राइव्ह किंवा टेम्प फोल्डर टाकलेला असेल तर ते काम कुणीतरी मुद्दाम केलंय. क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर चालवले की ते स्वतःला इथं सूट देऊन ठेवतात. दोन, स्कॅन ऑप्शन्समध्ये 'ऑफलाइन स्कॅन'. मशीन रीस्टार्ट होतं, विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. चालू विंडोजमध्ये लपून बसणारं तिथं सापडतं. निकाल नंतर प्रोटेक्शन हिस्टरीत.

फुल स्कॅन रात्री लावून ठेवा, ५०० जीबीला तीन-चार तास लागू शकतात.

मांजरा_काठ
थांबा, फुल स्कॅन अजून नको. तिसरं लक्षण राहिलंय. @पूर्णा_जंक्शन, टास्क मॅनेजरमध्ये अडकण्याच्या वेळी सीपीयू, मेमरी, डिस्क यापैकी काय १०० टक्के असतं? आणि क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं टूल) टाकून ०५ आणि सी५ या खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, मोजणाऱ्या दोन ओळींची रॉ व्हॅल्यू इथं द्या.

खाम_नदी
परभणी-नांदेडकडचा मे महिना आणि पंखा घोंघावणं, याला व्हायरस कशाला पाहिजे? कॅबिनेट उघडा. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो, पंख्याच्या बरोबर खाली, वरून दिसत नाही. प्लग काढून, पंख्याची पाती बोटानं अडवून ब्लोअर मारा. मोकळा सोडला तर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळलेली असेल तर हीटसिंक काढून जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवीचा एक छोटा ठिपका मधोमध. जास्त लावली की बाजूनं बाहेर येते, फायदा काही नाही. प्रोसेसर जास्त तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि घरात सगळ्यांना वाटतं व्हायरस.

अजिंठ्याचा_माउस
पंखा फिरण्याचं एक कारण व्हायरसचंही असतं: मायनर, म्हणजे तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टो नाणी कमावणारा प्रोग्रॅम. तुम्ही मशीनला हात लावत नाही तेव्हा आवाज वाढतो आणि टास्क मॅनेजर उघडला की लगेच शांत होतं, असं असेल तर संशय घ्या. काही मायनर टास्क मॅनेजर उघडलेला ओळखून थांबतात. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स हे छोटं टूल घ्या. ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' करा, 'चेक व्हायरसटोटल' (अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासणारी साइट) चालू करा. मशीन सुरू होताना काय काय उठतं ते सगळं एका जागी येतं आणि प्रत्येकापुढं किती इंजिनांनी धोका म्हटलंय तो आकडा. सत्तरातल्या एकानं म्हटलं तर लगेच घाबरू नका, वीस-पंचवीसांनी म्हटलं तर शंका नको.

किनवटची_टेकडी
व्हायरसटोटलवर मार्कशीट नि आधारचे पीडीएफ चढवू नका बरं. तिथं टाकलेली फाइल इतर तपासणाऱ्यांना मिळू शकते. प्रोग्रॅमच तपासा.

लातुरी_डाळ
अवांतर: व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेची एपीके आली ती मी संगणकावर उघडली तर काय होईल?

अजिंठ्याचा_माउस
@लातुरी_डाळ, विंडोजवर काही होणार नाही, एपीके अँड्रॉइडची असते. मोबाइलवर उघडू नका म्हणजे झालं. ती एसएमएस वाचण्याची परवानगी घेते, म्हणजे बँकेचे ओटीपी.

तेरणाकाठ
अवांतरातच अजून एक. मराठी टायपिंगच्या परीक्षेला बसणारी पोरं 'फुकट मराठी फॉन्ट' शोधत काहीही उतरवायलेत. फॉन्टची फाइल टीटीएफ नाहीतर ओटीएफ असते. झिप उघडल्यावर आत सेटअप डॉट एक्सई निघाली तर तिथंच थांबायचं. आणि एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू ठेवा. नाहीतर 'फॉर्म डॉट पीडीएफ डॉट एक्सई' ही फाइल 'फॉर्म डॉट पीडीएफ' एवढीच दिसते, वर चिन्हही पीडीएफचं.

पूर्णा_जंक्शन
सगळ्यांचे आभार. नोटिफिकेशनच्या यादीत अकरा साइट होत्या, सगळ्या ब्लॉक केल्या, कोपरा शांत. डब्ल्यूस्क्रिप्टही सापडलं, रोमिंगमध्ये व्हीबीएस फाइल होती आणि स्टार्टअपमध्ये तिचीच प्रत. दोन्ही उडवल्या, रीस्टार्टनंतर परत आली नाही.
पण मशीन अजून तसंच. डिस्क १०० टक्के दाखवतं, सीपीयू १५-२०. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं, 'कॉशन'. सी५ समोर बरेच शून्य आणि शेवटी ३८. ०५ समोर शेवटी १०.

दौलताबादी
३८ सेक्टर म्हणजे फार नाही. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) स्लॅश आर मारून बघा, दुरुस्त होईल.

मांजरा_काठ
नका मारू! ते आकडे हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीतली मोजणी) असतात. सी५ चे ३८ म्हणजे ५६, आणि ०५ चे १० म्हणजे १६. १६ सेक्टर डिस्कनं आधीच बाद करून बदलले आहेत आणि ५६ वाचता येईनात म्हणून रांगेत आहेत. विंडोज अडकतं ते याच ठिकाणी: डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, तोवर बाकी सगळं खोळंबतं.

चेकडिस्क स्लॅश आर सगळ्या सेक्टरांवरून फिरतं, फुल स्कॅन सगळ्या फाइलींवरून. मरणाऱ्या डिस्कला दोन्ही जड. आधी माल बाहेर काढा, बाकी सगळं नंतर. दुरुस्तीवाल्यानं याच डिस्कवर फॉरमॅट मारला असता तर फाइलीही गेल्या असत्या आणि महिन्या-दोन महिन्यात मशीन पुन्हा रडत आलं असतं.

औंढ्याची_वाट
सहमत. आणि कॉपी एक्स्प्लोररनं ओढून करू नका, एका खराब फाइलवर अडकून बसतं. रोबोकॉपी वापरा, विंडोजमध्येच असतं. आधी मूळ फोल्डर, मग बाहेरच्या डिस्कवरचा फोल्डर, मग हे स्विच:
स्लॅश ई: आतले सगळे फोल्डर.
स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १: एकदाच पुन्हा प्रयत्न, एक सेकंद थांबून. हे विसरू नका. न दिल्यास ते दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी ३० सेकंद थांबतं, म्हणजे पहिल्याच खराब फाइलवर मुक्काम.
स्लॅश एक्सएफ, पुढं स्टार डॉट एलएनके, स्टार डॉट व्हीबीएस, स्टार डॉट एक्सई: शॉर्टकट, स्क्रिप्ट, प्रोग्रॅम मागंच राहतील.
स्लॅश ए मायनस कोलन एसएच: प्रतींवरचे लपवण्याचे शिक्के निघतील.

क्रम ठरवा. मार्कशीट आणि जमिनीचे कागद आधी, मग फोटो, सिनेमे शेवटी. सातबारा, पावत्या पुन्हा निघतील, फोटो निघणार नाहीत, एवढं डोक्यात ठेवून यादी करा. फोल्डर-फोल्डर करून काढा, मध्ये डिस्क तापली तर बंद करून गार होऊ द्या.

खाम_नदी
आणि लाइट जाण्याची वेळ बघून बसा. कॉपी चालू असताना झटका बसला तर अशी डिस्क पुन्हा उठेलच असं नाही. ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तीही बॅटरी दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी नसेल तर.

दौलताबादी
हेक्सचं लक्षात आलं नव्हतं, चेकडिस्कचा सल्ला मागं. पण माझं क्लीन इन्स्टॉल शेवटी खरं ठरलं की नाही?

मांजरा_काठ
ठरलं, पण नव्या एसएसडीवर (फिरत्या चकत्या नसलेली वेगवान डिस्क). अडीच इंची साटा, २५६ जीबी पुरे. साधा साटा केबल आणि पॉवरचा कनेक्टर लागतो, दोन्ही जुन्या डिस्कचेच चालतात. जुनी डिस्क काढूनच इन्स्टॉल करा म्हणजे चुकीच्या डिस्कवर जायला नको. स्वच्छ मशीनवर मीडिया क्रिएशन टूलनं ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज बनवा. मदरबोर्ड तोच असल्यामुळं मूळ विंडोज खरं असेल तर नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं, उत्पादन की विचारली तर 'नाही' म्हणून पुढं. रॅम ८ करता आली तर बघा, चौथ्या पिढीला डीडीआर३ लागते.

तेरणाकाठ
पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चौथ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, त्यासाठी अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं. नंतर काय? कागद बघणं, ब्राउझर, प्रिंट एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजीची फुकट सिस्टीम) चांगलं चालतं. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून प्रिंटर ओळखतो का ते बघा.

किनवटची_टेकडी
पासवर्डचं कुणीच बोललं नाही. व्हीबीएस वर्म बाहेरून आणखी काही ओढून आणू शकतं, त्यात ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड चोरणारं काही असू शकतं. मोबाइलवरून, त्या मशीनवरून नाही, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा. जीमेलमध्ये 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' करा. चोरलेली कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरची नोंद) असेल तर नुसता पासवर्ड बदलून प्रत्येक ठिकाणी भागत नाही.

पूर्णा_जंक्शन
मार्कशीट, कागद आणि बहुतेक फोटो निघाले. एका फोल्डरातले थोडे फोटो रोबोकॉपीनं 'फेल्ड' दाखवले. एसएसडी मागवतो. दोन प्रश्न: दुकानात प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह न्यायचाच नाही का? आणि जुनी डिस्क भंगारात देऊ का?

सीपीयूखाली_वीट
फेल झालेल्या फोल्डरला डिस्क गार झाल्यावर पुन्हा एकदा तोच आदेश द्या, निघालेल्या फाइली तो सोडून देतो, राहिलेल्याच घेतो.

प्रिंटसाठी वेगळा छोटा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यावर फक्त लागणारी पीडीएफ. घरी आल्यावर न उघडता फॉरमॅट. व्हॉट्सॲपनं पाठवत असाल तर आधार मास्क केलेलं द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट निघाली की दुकानाच्या मशीनवरच्या डाउनलोड्समधून आपल्यासमोर फाइल काढायला सांगा. रिसायकल बिनमधूनही.

मांजरा_काठ
डिस्क तशीच भंगारात नको, त्यावर तुमची सगळी कागदपत्रं आहेत. एरवी विंडोजमधल्याच डिस्कपार्टचं 'क्लीन ऑल' चालतं, सगळीकडं शून्य लिहितं. पण ही डिस्क खराब सेक्टरवर अडकेल. झाकणाचे स्क्रू टॉर्क्सचे असतात, एक-दोन लेबलखाली लपलेले. झाकण काढून आतल्या चकत्यांवर खोल ओरखडे मारा किंवा ड्रिलनं आरपार भोकं पाडा. काही डिस्कांच्या चकत्या काचेच्या असतात, फुटल्या की तुकडे उडतात. चष्मा घाला, पोरांना लांब ठेवा.

लातुरी_डाळ
आतले चुंबक काढून ठिवा वो, लई ताकदीचे असतेत. फ्रीजला लावा. बोट मधी सापडू देऊ नका फक्त.